पुलाच्या अलीकडे शिळा, पलीकडे ताजा: स्लाव भाषांतलं एक विशेषण

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात दोन वर्षं रशियन शिकलेल्या एका मुलीला प्रागमधल्या बेकरीच्या काचेवर ‘चेर्स्त्वे पेचिवो’ अशी पाटी दिसली. रशियनच्या तासाला ती ‘चोर्स्त्वी ख्ल्येब’ म्हणजे शिळा, कडक झालेला पाव असं शिकली होती. दुकानदार आपल्याच मालाला शिळा का म्हणेल? विचारल्यावर कळलं की चेक भाषेत ‘चेर्स्त्वी’ म्हणजे ताजा. आता तिला तीन गोष्टी हव्या आहेत. हे दोन शब्द खरंच एक आहेत, की नुसते सारखे दिसतात? एक असतील तर खरा अर्थ कुणाकडे राहिला? आणि ‘पेचिवो’ (बेकरीतला पाव-बन असा भाजलेला माल) ऐकून आपल्या पचण्या-पिकण्याची आठवण येते, तसं या विशेषणाचंही संस्कृतशी काही नातं आहे का?

शब्द एकच आहे, याबद्दल अभ्यासकांत मतभेद नाही. ‘खरा अर्थ’ म्हणाल तर तो ताजा नाही आणि शिळाही नाही. मुळात हे विशेषण घट्ट, टणक, भक्कम या अर्थाचं होतं. ते भाकरीजवळ बसलं तेव्हा शिळं झालं, माणसाजवळ बसलं तेव्हा तरतरीत झालं, आणि तरतरीतपणातून पुढे ताजं झालं. एवढ्या दोन ओळींत उत्तर संपलं असतं. पण मी तीस वर्षं रशियन आणि पोलिश शिकवतो आणि त्यांतून मराठीत भाषांतर करतो. या एका शब्दावर जितके विद्यार्थी अडखळताना पाहिले तितके दुसऱ्या कुठल्याच विशेषणावर नाही. म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी एक जागा डोळ्यांसमोर आणा. पोलंड आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर ओल्झा नावाची छोटी नदी आहे. तिच्या दोन काठांवर मिळून पूर्वी एकच गाव होतं. १९२० साली सीमा आखली गेली तेव्हा नदीच्या पूर्वेचं जुनं गाव पोलंडला गेलं, ते च्येशिन. आणि पश्चिमेचा भाग चेकोस्लोव्हाकियाला, तो चेस्की त्येशीन. डिसेंबर २००७ पासून मधल्या पुलांवर नेहमीची तपासणीही होत नाही. मी तिथे गेलो तेव्हा पोलिश बाजूच्या एका छोट्या दुकानात गल्ल्याशेजारी टोपली होती, कालचे बन अर्ध्या किमतीला. दुकानातली बाई त्यांना ‘चेर्स्त्फे’ म्हणाली, म्हणजे शिळे, कडक झालेले. मिक्सरमधून काढून कटलेटला लावायला चांगले, असंही तिने सांगितलं. तिथून पूल चालत ओलांडला. पलीकडच्या पहिल्याच बेकरीवर पाटी: ‘चेर्स्त्वे पेचिवो’. दोन्हीकडे पावाचं नामही एकच, पोलिश ‘प्येचिवो’ आणि चेक ‘पेचिवो’. नाम तेच, विशेषण तेच, मध्ये एक पूल, आणि अर्थ नेमका उलटा. पोलिश अन्नतंत्राच्या पुस्तकात ‘चेर्स्त्फ्येन्ये प्येचिवा’ असं प्रकरण असतं, पाव शिळा होण्याची प्रक्रिया. ते शीर्षक चेक माणसाने आपल्या भाषेच्या चष्म्यातून वाचलं तर त्याला ‘पाव ताजा करणे’ असंच वाटेल.

आता आवाज पाहू. हे सगळे एकाच शब्दाचे वंशज आहेत, ते इथेच पटतं. आदि-स्लाव भाषेतलं, म्हणजे रशियन, पोलिश, चेक, सर्बियन अशा सगळ्या स्लाव भाषांच्या समान पूर्वज भाषेतलं रूप अभ्यासक ‘चिर्स्त्वु’ असं काहीसं धरतात. त्यातले इ आणि उ अगदी निसटते, आपल्या नेहमीच्या ऱ्हस्व स्वरांहूनही तोकडे. हे निसटते स्वर पुढे प्रत्येक भाषेने आपापल्या पद्धतीने निकालात काढले. शेवटचा सगळीकडे गळाला. मधल्याचा चेक, स्लोव्हाक आणि पोलिशमध्ये ‘ए’ झाला, रशियनमध्ये ‘ए’ होऊन पुढे आघाताखाली ‘ओ’ झाला. म्हणून चेक ‘चेर्स्त्वी’, पोलिश ‘चेर्स्त्फी’ (पोलिशमध्ये त-नंतरचा व ओठांत दबून फ होतो), रशियन ‘चोर्स्त्वी’. दक्षिणेकडे मात्र तो स्वर पूर्णच गेला आणि ‘र’ स्वतःच स्वर होऊन बसला. सर्बियन-क्रोएशियनमधलं रूप देवनागरीत लिहायला मला फार आवडतं, कारण आपल्याकडे त्यासाठी तयार चिन्ह आहे: च्वृस्त. ऋकार आपण आज ‘रु’ म्हणून उच्चारतो. पण कृष्ण, वृक्ष या शब्दांत तो एके काळी कसा वाजत असेल हे ऐकायचं असेल तर बेलग्रेड किंवा झाग्रेबच्या माणसाला हा शब्द म्हणायला लावावा.

तुमच्या लक्षात आलं असेल की ‘च्वृस्त’मध्ये व शेवटून उठून पुढे आला आहे. यात गूढ काही नाही. मराठीत ‘मतलब’चं ‘मतबल’ होतं, ‘नुकसान’चं ‘नुस्कान’ होतं, तसाच हा वर्णविपर्यय. जिभेला ‘र्स्त्व’ची चळत जड झाली, तिने व पुढे ढकलला. बल्गेरियनमध्येही तसंच, फक्त तिथे स्वर टिकला: चेव्रस्त. मॅसिडोनियनमध्ये आरंभीचा ‘चार’मधला च बदलून ‘चाका’तला च झाला. हा फरक मराठी माणसाला सांगावा लागत नाही, हिंदी भाषकाला मात्र समजवायला दहा मिनिटं जातात.

आवाज झाले. आता अर्थाच्या वाटा.

मूळ अर्थ घट्ट, टणक, हे कशावरून? दक्षिणेकडच्या भाषांवरून. त्यांनी तो आजही जवळजवळ तसाच सांभाळला आहे. सर्बियन-क्रोएशियनमध्ये पदार्थाच्या तीन अवस्थांपैकी घन अवस्था म्हणजे ‘च्वृस्तो’ अवस्था. घट्ट हस्तांदोलन च्वृस्त, पक्का निर्णय च्वृस्त, पायाखालची भक्कम जमीन च्वृस्त. स्लोव्हेनियनमध्ये अंगाने मजबूत, कणखर माणूसही च्वृस्त. मॅसिडोनियनमध्येही घन, भक्कम हाच अर्थ. यांपैकी कुठेही हा शब्द पाव ताजा की शिळा हे सांगायला वापरत नाहीत. शिळ्या पावासाठी सर्बियनमध्ये ‘बायात’ असा तुर्कीतून आलेला शब्द आहे, ताज्यासाठी ‘स्वेझ’. म्हणजे बेकरीतल्या दोन्ही जागा दुसऱ्यांनी भरल्या आणि आपला शब्द कारखान्यात, प्रयोगशाळेत, हस्तांदोलनात शांतपणे जुना अर्थ सांभाळत राहिला.

टणक या अर्थापासून दोन वाटा कशा फुटतात, हे मराठी माणसाला समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपल्या एका शब्दात त्या दोन्ही आहेत. “भाकरी पार टणक झालीय, आता दुधात कुस्करून खा” असं आपण म्हणतो. आणि “आजोबा नव्वदीचे झाले, पण अजून टणक आहेत” असंही म्हणतो. भाकरीचा टणकपणा हा दोष, आजोबांचा टणकपणा हे कौतुक. शब्द तोच. समजा, मराठी बोलणारे दोन गट वेगळे होऊन हजार वर्षं एकमेकांपासून दूर राहिले. एका गटात हा शब्द फक्त भाकरीसाठी उरला, दुसऱ्यात फक्त आजोबांसाठी. हजार वर्षांनी पहिल्या गटात टणक म्हणजे शिळं होईल, दुसऱ्यात टणक म्हणजे ठणठणीत, तरतरीत. स्लाव भाषांत घडलं ते हेच.

भाकरीची वाट रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन आणि पोलिश यांनी धरली. इथे थोडं थांबायला हवं, कारण पाव शिळा होतो म्हणजे काय होतं, याबद्दल आपला एक पक्का गैरसमज असतो. आपल्याला वाटतं, पाव वाळतो म्हणून कडक होतो. १८५२ साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की ओलावा अजिबात उडू दिला नाही तरी पाव शिळा होतोच, आणि साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा गरम केला की पुष्कळसा पूर्ववत मऊ होतो. म्हणजे पाणी निघून जाणं हे मुख्य कारण नाही. भाजताना पिठातला स्टार्च फुलतो, सैल होतो. थंड झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा ओळीने एकमेकांना चिकटून घट्ट बसू लागतात. फ्रीजच्या थंडीत हे सगळ्यात वेगाने होतं, म्हणून फ्रीजमधला पाव बाहेर ठेवलेल्या पावापेक्षा लवकर कडक होतो. आणि म्हणूनच सकाळची पोळी रात्री तव्यावर टाकली की जीव धरते.

हे सांगायचं कारण असं की जुन्या स्लाव माणसाच्या बोटांना ते बरोबर कळलं होतं. त्याने या पावाला वाळका म्हटलं नाही. वाळक्यासाठी त्याच्याकडे ‘सुखी’ हा वेगळा शब्द होता (आपल्या शुष्क-सुक्याचाच भाऊ). त्याने म्हटलं घट्ट झालेला. रशियन बेकरीशास्त्रात आजही या प्रक्रियेचं अधिकृत नाव ‘चेर्स्त्वेनिये’ असंच आहे.

एकदा शब्द शिळ्या पावाला चिकटल्यावर तो पावापुरता राहत नाही. व्लादिमीर दाल यांनी १८६३ ते १८६६ या काळात छापलेल्या रशियन बोलीच्या मोठ्या कोशात ‘चोर्स्त्वीये इमेनीनी’ असा प्रयोग नोंदवला आहे. इमेनीनी म्हणजे नामदिन, ज्या संताचं नाव आपल्याला ठेवलं त्याचा दिवस. त्या दिवशी मेजवानी. आणि दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं संपवायला पाहुणे पुन्हा जमतात ते ‘शिळे इमेनीनी’. यात हिणवणं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडव निघालेला असतो, बुंदीच्या परातीत तळाशी चुरा असतो, घरचीच माणसं पाय पसरून बसलेली असतात, तो निवांतपणा त्यात आहे. पोलिशमध्ये ‘चेर्स्त्फी’ विनोद म्हणजे कुणालाच हसू न येणारा, अनेकदा ऐकलेला. तिथे अशा विनोदाला ‘सुखार’ म्हणजे टोस्टसारखा कडक पाव असंही नाव आहे.

पण रशियनमध्ये या शब्दाचं सगळ्यात मोठं काम माणसाच्या मनाबद्दल आहे. ‘चोर्स्त्वी चेलोव्येक’ म्हणजे ज्याच्या मनाला काही शिवत नाही असा माणूस. भाषांतर करताना विद्यार्थी लगेच ‘निर्दय’ किंवा ‘क्रूर’ लिहितात, आणि मी दर वेळी ते खोडतो. क्रूर माणूस दुसऱ्याला दुखावतो, त्यात त्याला रसही असू शकतो. चोर्स्त्वी माणूस तसा नाही. तो पूर्वी मऊ होता, पुढे घट्ट होत गेला. रशियनमध्ये यासाठी क्रियापदही आहे, ‘अचिर्स्त्व्येत’. युद्धात, तुरुंगात, रुग्णालयात वर्षानुवर्षं काम करताना मन हळूहळू असं होतं, आणि रशियन वाचकाला त्या क्रियापदामागे पाव दिसत असतो: सकाळी मऊ होता, कुणी झाकून ठेवला नाही. मराठीत ‘निबर होणे’ हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. भेंडी निबर होते, वांगं निबर होतं, मनही निबर होतं. कोवळेपण गेल्याची खंत त्यात आपोआप येते. ‘पाषाणहृदयी’ लिहिलं तर ती जाते, कारण दगड कधी मऊ नव्हताच.

आता दुसरी वाट, आजोबांची. पोलिशने गंमत अशी केली आहे की तिने दोन्ही अर्थ ठेवले. पाव चेर्स्त्फी असला तर शिळा. पण ‘चेर्स्त्फी स्तारुशेक’ म्हणजे ठणठणीत म्हातारा, गालांवर अजून तजेला असलेला. ‘चेर्स्त्फा’ कांती म्हणजे निरोगी, लालसर. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीने, जिचं रशियन उत्तम होतं आणि पोलिश नवं होतं, एका पोलिश कथेतलं वाक्य असं उतरवलं होतं: ‘दारात एक निष्ठुर म्हातारा उभा होता.’ पुढे तोच म्हातारा सगळ्या कथेत मुलांना सफरचंदं वाटतो, घोड्याला थोपटतो, नातीला खांद्यावर घेऊन डोंगर चढतो. तिने पूर्ण कथा त्या एका शब्दाच्या उजेडात वाचली आणि त्याच्या प्रत्येक चांगल्या कृतीत तिला काहीतरी डाव दिसू लागला. भाषांतरातही तो डाव शिरला. वहीच्या समासात मी एवढंच लिहिलं: ‘टणक म्हातारा’. तिने पूर्ण भाषांतर नव्याने केलं, आणि ते सुंदर झालं.

पोलिशमधला हा अर्थ आता जरा जुन्या वळणाचा वाटतो. तरुण पोलिश माणूस बोलताना तो क्वचित वापरेल, पण वाचताना त्याला तो लगेच कळतो. आपल्यासाठी मात्र तो मोलाचा आहे. दोन फांद्या जिथे फुटतात तो बेचका पोलिशमध्ये आजही बघायला मिळतो.

चेक आणि स्लोव्हाक त्या बेचक्यातून आजोबांच्या बाजूने पुढे गेले. जुन्या चेकमध्ये ‘चेर्स्त्वी’ म्हणजे चपळ, जोमदार, हुशारीत असलेला. घट्ट अंगाचा, म्हणून सशक्त. सशक्त, म्हणून चलाख. चलाख, म्हणून न थकलेला. न थकलेल्या माणसापासून ताज्या हवेपर्यंत फक्त एक पाऊल आहे. मराठीतही झोप काढून उठलेला माणूस ‘ताजातवाना’ होतो आणि भाजीही ‘ताजी’ असते. ते पाऊल एकदा पडल्यावर शब्द भराभर पसरला. आज चेकमध्ये हवा चेर्स्त्वी, बातमी चेर्स्त्वी, भाजी आणि पाव चेर्स्त्वी. बागेतल्या बाकावर ‘रंग ओला आहे’ सांगणाऱ्या पाटीची सुरुवातही याच शब्दाने होते: ‘चेर्स्त्व्ये’ रंगवलेलं, म्हणजे नुकतंच. रेल्वे स्टेशनवर, किल्ल्याच्या पायथ्याशी, पोहण्याच्या तलावाजवळ ‘ओप्चेर्स्त्वेनी’ अशी पाटी दिसते. तिचा अर्थ अल्पोपाहार. शब्दशः म्हणजे तरतरी आणणं. रशियन कानाला मात्र त्यात ‘कडक करणं’च ऐकू येतं.

यात शेजारच्या जर्मनचाही हात असावा असं माझं मत आहे. जर्मन ‘फ्रिश’ हा शब्द तरतरीत माणसालाही लागतो आणि ताज्या पावालाही. चेक भाषा शतकानुशतकं जर्मनच्या मांडीला मांडी लावून वाढली. प्रागच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच टोपलीवर बोलल्या जात. तरतरीत माणसाला जो शब्द, तोच पावाला लावायची सवय तिथून बळावली असेल तर नवल नाही. जर्मनीतच राहणाऱ्या सोर्ब या छोट्या स्लाव समाजाच्या, लुसाशियातल्या भाषेतही हा शब्द ताजा-तरतरीत याच बाजूला आहे, हे या मताला थोडं बळ देतं. दुसरं कारण घरातलंच. बहुतेक स्लाव भाषांत ताज्यासाठी वेगळा शब्द आहे: रशियन ‘स्व्येझी’, पोलिश ‘श्व्येझी’, सर्बियन ‘स्वेझ’. चेकमध्येही ‘स्व्येझी’ आहे, पण तो टवटवीत चेहरा, प्रसन्न वारा, उठावदार रंग यांच्याकडे जास्त कलला. बेकरीतली जागा मोकळी राहिली, तिथे चेर्स्त्वी बसला. मग शिळ्या पावाला चेक माणूस काय म्हणतो? सरळ ‘जुना’ किंवा ‘कडक’ म्हणतो.

बल्गेरियन मात्र दक्षिणेकडची असूनही एकटीच तिसरीकडे गेली. तिथे ‘चेव्रस्त’ म्हणजे चपळ, हाताने झटपट, कामात तरबेज. बाजारातली बाई चेव्रस्त बोटांनी मिरच्या दोऱ्यात ओवते, असं म्हणता येईल. घट्टपणा मागे पडला, उरली ती फक्त चलाखी. माझ्या दृष्टीने हे रूप फार बोलकं आहे, कारण जुन्या चेकमध्ये जी पायरी मधे होती आणि पुढे मागे पडली, तिथेच बल्गेरियन येऊन थांबली आहे.

आता ‘खरा अर्थ कुणाकडे’ या दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येतं. सर्वांत जुना अर्थ दक्षिणेकडे राहिला. पण जुना म्हणजे खरा, हे मी मान्य करणार नाही. मराठीत ‘शिळं’ हा शब्द संस्कृत ‘शीतल’वरून आला आहे, जे गार झालं ते शिळं. म्हणून शिळासप्तमीला चूल न पेटवता गार अन्न खातात. उद्या कुणी गार लस्सीला ‘शिळी’ म्हणू लागला आणि व्युत्पत्ती पुढे करू लागला, तर आपण ऐकून घेणार नाही. ‘घाण’ हा शब्द ‘घ्राण’वरून आला, ज्याचा अर्थ नुसता वास, वास घेणं. आपल्याकडे तो दुर्गंधाकडे आणि तिथून कचऱ्याकडे गेला. स्लाव भाषांत नेमकं असंच ‘वोन’ या शब्दाचं झालं: रशियनमध्ये त्याचा अर्थ दुर्गंध, पोलिश आणि चेकमध्ये त्याच्याच भावंडांचा अर्थ सुवास. आणि ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीत शाळेत मिळतो, मराठीत न्यायालयात. तिथे कुठला खरा, असं आपण विचारत नाही. समोरचा कुठली भाषा बोलतोय एवढंच बघतो.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. ज्या जोड्या नेहमी उदाहरण म्हणून दिल्या जातात, त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे ‘क्रास्नी’. रशियनमध्ये लाल, चेकमध्ये सुंदर. तिथे मूळ अर्थ सुंदर हाच, आणि रशियननेही तो पूर्वी सांभाळला होता. मॉस्कोच्या लाल चौकाचं नाव सतराव्या शतकात पडलं तेव्हा ते सुंदर चौक या अर्थानेच. म्हणजे तिथे एक भाषा जागेवर राहिली आणि दुसरी हलली. चेर्स्त्वीच्या बाबतीत प्राग आणि मॉस्को दोघंही हलले, आणि विरुद्ध दिशांना हलले. म्हणून विद्यार्थ्याला इथे जास्त धक्का बसतो; तो मॉस्कोकडून प्रागकडे सरळ रस्ता शोधतो, आणि तो रस्ता बेलग्रेडवरून जातो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

कामाची गोष्ट म्हणून एवढं सांगतो. एक स्लाव भाषा येत असताना दुसरीकडे जाल तेव्हा नामं आणि संख्यावाचक शब्द बऱ्यापैकी विश्वासाने उचलता येतात. हात, पाणी, आई, तीन, दहा यांत फारसा दगा होत नाही. विशेषणांवर तो विश्वास टाकू नका. विशेषण कधी एकटं पाठ करू नका, नामासकट पाठ करा. ‘चेर्स्त्फी = शिळा’ असं वहीत लिहिलंत तर तुमच्याही दारात निष्ठुर म्हातारा येऊन उभा राहील. ‘चेर्स्त्फी पाव’ आणि ‘चेर्स्त्फी आजोबा’ अशा दोन ओळी लिहा. आणि दुकानात काही मागायचं असेल तर वॉर्सा, मॉस्को, बेलग्रेड या तिन्ही ठिकाणी ‘स्व्येझी’चंच तिथलं रूप वापरा; चेर्स्त्वी फक्त चेक आणि स्लोव्हाक दुकानांसाठी राखून ठेवा.

राहिला संस्कृतचा प्रश्न. ‘पेचिवो’बद्दलची त्या मुलीची शंका बरोबर आहे. स्लाव ‘पेक्-पेच्’ आणि संस्कृत ‘पच्’ हे एकाच इंडो-युरोपीय, म्हणजे या दोन्हींच्या समान पूर्वज भाषेतल्या, धातूचे आहेत. रशियन ‘पेकार’ म्हणजे भट्टीवाला, आणि आपलं पक्व, पिकणं, पचणं, सगळी एका चुलीवरची मंडळी. विशेषणाचं नातं इतकं उघड नाही. पण कोशकार ज्या मताकडे जास्त झुकतात ते असं की हा शब्द ‘पिळणे, वळणे, विणणे’ अशा अर्थाच्या जुन्या धातूपासून आला. लॅटिनमधला ‘क्रास्सुस’, म्हणजे जाड, दाट, हाही त्याच कुळातला मानतात. संस्कृतात त्या धातूचं रूप ‘कृणत्ति’, म्हणजे सूत काढतो. आणि त्याच घराण्यातून मराठीत उतरलं ते ‘कातणे’.

पिळण्याचा आणि घट्टपणाचा संबंध काय, असं युरोपातल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावं लागतं. टकळीवर कापसाचा पेळू धरून पहिला धागा ओढला की तो हातात तुटतो. त्याला पीळ बसला की तोच धागा ओढ सहन करतो. वाख वळला की सुंभ होतो, सुंभाला आणखी पीळ दिला की बैल बांधायचा दोर होतो. सैल तंतूंत बळ येतं ते पिळानेच. आखाड्यातून घाम पुसत येणाऱ्या पैलवानाच्या दंडाकडे बघून आपण ‘पीळदार’ म्हणतो तेव्हा बळाचा तोच जुना हिशेब मांडत असतो.